बंद टीव्ही बोलत नसतो

मु. उंबरीपाडा, पो. पिंपळनेर, जि. धुळे
संक्रांतीनंतरचा पहिला रविवार, १९८९

तीर्थरूप सुकदेवनाना यांना धाकट्या पुष्पाचा पायांपाशी नमस्कार. (डोकं पायांवरच ठेवणार होते, पण ते अजून तापलेलं आहे, तुम्हाला चटका बसेल.)

तुमचं पत्र मिळालं. भांडायच्या आधी विचारपूस करावी अशी आपल्या घरची रीत आहे, म्हणून विचारते. तुमचा गुडघा काय म्हणतो? दुकानाच्या पायऱ्या चढायला त्रास होत असेल तर गल्ल्यावर कमलवहिनींना बसवा आणि तुम्ही खाली उभे राहून गिऱ्हाईक बोलवा, जळगावात पंखे आणि फ्रिज दुप्पट खपतील. वहिनींचं पित्त बरं आहे ना? आई असोद्यालाच आहे, की तुम्ही तिला शहरात आणून टीव्हीसमोर बसवलंत? यंदा वांगी चांगली निघाली असतील. इथे मला भरिताची आठवण झाली की मी खिडकी लावून घेते, कारण शेजारी आमचे मुख्याध्यापक अभिमन गुरुजी राहतात आणि मी मोठ्याने उसासा टाकला तरी ते काळजीने विचारायला येतात. आमचे हे नरडाण्याच्या स्टेशनवर तिकिटं फाडतात आणि रविवारी जमलं तर येतात, आज जमलेलं नाही. मी स्वतः ठणठणीत आहे. वजन थोडं वाढलं आहे, आणि ही गोष्ट मी आपणहून का सांगते आहे ते पुढे कळेल.

तर आता भांडण. तुम्ही लिहिता की विस्तार अधिकारी देसलेसाहेब तुमचे जुने गिऱ्हाईक आहेत, त्यांची सासुरवाडी जळगावची, माणूस मनाने वाईट नाही. त्यांनी टाइप करून दिलेल्या माफीनाम्यावर मी मुकाट्याने सही करावी, म्हणजे ते मला दिलेली नोटीस फाडून टाकतील आणि येत्या बदल्यांत मला नरडाण्याला नवऱ्याजवळ आणतील. नाना, मी सही करणार नाही. हे सुरुवातीलाच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचायचा तुम्हाला कंटाळा आला तरी मुद्दा पोचलेला असेल. नरडाण्याची बदली मला नको आहे असं नाही. किती वर्षं मी तिच्यासाठी अर्ज करते आहे ते तुम्हाला माहीत आहे, निम्मे अर्ज तुमच्याच दुकानाच्या कागदावर लिहिलेले आहेत. पण त्या माफीनाम्यात काय लिहिलंय हे साहेबांनी तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. त्यात लिहिलंय की टीव्ही संच नादुरुस्त झाल्या दिवसापासून उंबरीपाड्याचा दूरचित्रवाणी वर्ग भरलेला नाही, सबब तो बंद करून संच केंद्रशाळेत हलवण्यास शिक्षिकेची हरकत नाही. वर्ग भरलेला नाही, हे मी माझ्या सहीनं सांगायचं. वर्ग रोज भरला आहे. कसा भरला ते साहेबांनी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही आणि वहिनी खूप हसलात असं दिसतं, कारण तुमच्या पत्रातली अक्षरं जागोजागी हललेली आहेत. आता माझ्याकडून ऐका.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेला सरकारी योजनेतून रंगीत टीव्ही मिळाला. आमची शाळा म्हणजे एक खोली, एक ओटा, अभिमन गुरुजी आणि मी. योजना अशी होती की शहरातल्या तरबेज बाईंनी टीव्हीवरून पाठ घ्यायचा, पाड्यावरच्या पोरांनी तो बघायचा, आणि गावच्या शिक्षिकेनं बाजूला उभं राहून बटण लावायचं. हे समजावून द्यायला जे गृहस्थ आले होते त्यांनी 'बटण' या शब्दावर असा जोर दिला की इतकी वर्षं नोकरी करून अखेर माझ्या योग्यतेचं काम मिळालं असं मला वाटावं. मी चिडले. (अभिमन गुरुजी चिडले नाहीत. त्यांनी बटणाला हळदीकुंकू वाहिलं आणि संच जडवस्तू नोंदवहीत चढवला, 'खोक्यासह' असा शब्द घालून. मग तो खोका बकऱ्यांनी खाऊ नये म्हणून माळ्यावर ठेवला आणि दर शनिवारी ते त्याची धूळ झटकू लागले.)

पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. टीव्ही यायच्या आधी आमच्याकडे पटावर नावं भरपूर आणि चटईवर पोरं मूठभर असायची. टीव्ही आला तशी ज्यांची नावं पटावर नव्हती तीसुद्धा आली, आणि त्यांच्यामागे त्यांच्या बकऱ्या आल्या. त्यात जमना होती. ही जमना तीन वर्षं माझ्या हजेरीत आहे, पण चटईवर क्वचित, आणि आली तरी हजेरीला 'हजर' म्हणायच्या वेळी शेजारणीला कोपर मारायची आणि शेजारीण तिच्या वतीनं हजर व्हायची. तिचा आवाज कसा आहे हे मला माहीत नव्हतं. तिची आई धनीबाई पहिल्या दिवशी टीव्ही बघायला स्वतः आली, संचाला पुढून मागून निरखलं, आणि माझ्याशी रोखठोक बोलणं करून गेली. "टीव्ही शे तवलोंग पोर येई, बाई. टीव्ही गया, का मंग पोर बकऱ्यास्मांगे." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार, टीव्ही असेल तोवर पोर शाळेत, तेवढं सुद्धा तिनं मला आजवर कधी कबूल केलं नव्हतं.

टीव्हीतल्या बाईंबद्दल मला असूया नाही, हे वहिनींना मुद्दाम वाचून दाखवा. गोऱ्यापान होत्या, साडीला एक सुरकुती नसायची, फळ्यावर लिहून लिहून हात पांढरे व्हायचे नाहीत, असो. त्यांची शिकवायची एक लकब होती. त्या प्रश्न विचारायच्या, मान तिरकी करून थोडं थांबायच्या, आणि म्हणायच्या, शाब्बास, अगदी बरोबर. आता त्यांना बिचारीला उंबरीपाडा कुठे दिसत होता? पाच सक किती म्हटल्यावर वेस्ता 'बारा' म्हणाला, त्याला शाब्बास. भुरा म्हणाला, "माले माहीत नही," त्यालाही शाब्बास, अगदी बरोबर. (हे उत्तर बरोबरच होतं.) पोरं हरखली. आम्ही डी.एड. झालेल्या बायका शाब्बास असं वाढतो की जणू तूप महाग आहे, आणि इथे बाई वाटीच उपडी करत होत्या. चौथ्या की पाचव्या दिवशी जमनेचे ओठ हललेले मी पाहिले. आवाज आला नाही, पण टीव्हीतल्या बाई तिलाही शाब्बास म्हणाल्या, आणि पोरीनं मान खाली घालून फ्रॉकचं टोक तोंडात धरलं. त्या दिवसापासून मी बटण लावताना कुरकुर करणं बंद केलं.

दिवाळीनंतर डोंगरात वारा सुटला, अँटेना हलली, आणि पडद्यावर नुसतं पांढरं-काळं खरखरायला लागलं. त्याला आपण सगळे काय म्हणतो? मुंग्या. तुम्ही दुकानदार, तुमच्याकडे गिऱ्हाईक येऊन टीव्हीत मुंग्या येतात म्हणालं की तुम्ही अँटेना कुठल्या दिशेला आहे ते विचारता, गूळ सांडला होता का असं विचारत नाही. अभिमन गुरुजींनी मासिक अहवालात शुद्ध अक्षरात लिहिलं, 'टीव्ही संचात मुंग्या येत आहेत, तरी उपाय व्हावा.' दोन आठवड्यांत उत्तर आलं. (नाना, या शाळेला पाण्याचा माठ मागितला होता, तो अजून आलेला नाही. मुंग्यांचं उत्तर दोन आठवड्यांत.) उत्तराबरोबर एक पुडकं होतं. 'आपल्या संचात मुंग्या झाल्याचे समजले. सोबत कीटकनाशक पावडर पाठवीत आहोत. योग्य ती कार्यवाही करून अनुपालन अहवाल सादर करावा.' खाली देसलेसाहेबांची सही आणि गोल शिक्का.

मी गुरुजींना म्हटलं, या त्या मुंग्या नव्हेत. गुरुजींनी माझ्याकडे फार दुःखी नजरेनं पाहिलं. म्हणाले, "बाई, ते मलाही कळतं. पण खाली साहेबांची सही आहे." त्यांची निवृत्ती पुढच्या वर्षी आहे आणि सबंध नोकरीत त्यांनी एकही कागद मोडलेला नाही, ही त्यांची एकच मिळकत. मी पाणी आणायला गेले तेवढ्यात त्यांनी संचाच्या मागच्या फटींतून सगळं पुडकं आत ओतलं. पुडक्यावर छापलं होतं की पावडर टाकल्यावर जागा ओल्या फडक्यानं पुसून घ्यावी, तर त्यांनी तेही केलं. मग बटण लावलं. फट्ट असा आवाज झाला, धूर निघाला, आणि संचाच्या आतून एक खरीखुरी मुंगी बाहेर पडून भिंतीवर चढली. (ही मी स्वतः पाहिली. म्हणजे कार्यालयाचं अगदीच चुकलं असं म्हणता येत नाही.) गुरुजींनी त्याच दुपारी अहवाल पाठवला, 'आदेशाप्रमाणे कार्यवाही केली असून मुंग्या पूर्णपणे बंद झाल्या आहेत.' हे अक्षरशः खरं होतं. पिंपळनेरचा झुलाल टीव्हीवाला सायकलवर येऊन बघून गेला, पण संचाला सरकारी सील आहे, ते तोडायला लेखी परवानगी लागते, आणि ती मागितलेली आहे. ती अजून मागितलेलीच आहे.

दुसऱ्या दिवशी पोरं आली. काळ्या पडद्यासमोर थोडा वेळ बसली, पडद्यात आपापली तोंडं पाहिली, आणि एकेक उठायला लागली. मी नेहमीसारखी फळ्याकडे वळले तर माझ्यामागे चटई रिकामी होत चालल्याचा आवाज येत होता. दारात धनीबाई उभी होती, हातात बकरीची दोरी. "टीव्ही मरी गया ना, बाई," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता, बोलल्याप्रमाणे ती पोरीला न्यायला आली होती. जमना उठली, तिनं फ्रॉक झटकला आणि दोरी हातात घेतली. नाना, लोक तुम्हाला सांगतील की पुष्पाबाईला एकदम कल्पना सुचली. कल्पना वगैरे काही नाही, मला संताप आला. मी माळ्यावरून तो खोका ओढून काढला, गुरुजी 'बाई, जडवस्तू, जडवस्तू' म्हणत असताना भाजी चिरायच्या विळीनं त्याला पुढून चौकोनी खिडकी कापली, टेबलावर ठेवला, मागून स्टुलावर बसले आणि खांद्यांपर्यंत आत गेले. (वजनाचं म्हटलं होतं ते यासाठी. मी आत गेले ती थर्मोकोल मोडतच गेले.) आणि आतून म्हटलं, नमस्कार बालमित्रांनो.

उठलेली पोरं मागे वळली. मग वेस्ता पुढे आला, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "हाई बाई रंगीत शे." तेवढ्यावर काम झालं. धनीबाईनं खोक्याला पुढून मागून निरखलं, जसं पहिल्याला निरखलं होतं, आणि जमनेच्या हातातली दोरी परत घेतली. तिला मी फसवलं असं समजू नका. खोक्यात कोण आहे हे तिला स्वच्छ दिसत होतं, आणि मला वाटतं म्हणूनच ती पोरीला ठेवून गेली.

पुढे त्याची एक शिस्त बसत गेली. भुरानं सोड्याच्या बाटलीची बुचं खिळ्यांनी ठोकून बटणं केली, एक चालू-बंदचं, एक आवाजाचं, एक रंगाचं. आवाजाचं बटण कुणी फिरवलं की मला ओरडावं लागे, उलट फिरवलं की कुजबुजावं लागे, आणि पोरांना दोन्हींमधलं काही चालत नसे. रंगाचं बटण फिरवलं की मी गाल फुगवून लाल व्हायचे. मला पाणी प्यायचं असलं की मी तोंडानं खर्र करून डोकं हलवायचे, म्हणजे मुंग्या. त्यात एक चूक झाली. टीव्हीत मुंग्या आल्या की बाजूनं थापट मारायची असते हे पोरांना ठाऊक होतं, त्यामुळे पाण्याचा घोट घशाखाली उतरायच्या आत खोक्यावर चारी बाजूंनी थापटा बसायच्या आणि माझ्या कानांत दुपारपर्यंत पाठ चालू राहायचा. आणि शाब्बास तर म्हणावंच लागे. पहिल्या दिवशी मी सवयीनं 'चूक' म्हणाले, तर भुरा सगळ्यांना सांगायला लागला की टीव्ही परत बिघडला. म्हणून मी तोड काढली. उत्तर काहीही येवो, आधी शाब्बास, आणि मग, आता याहून चांगलं उत्तर कोण देतं? टीव्हीतल्या बाईंना पुढचं विचारता आलं नसतं, कारण त्यांना ऐकू येत नव्हतं. मला खोक्यातही ऐकू येतं. हे मी बढाई म्हणून नाही, शेरा म्हणून लिहिते, नोटिशीवर शेरा लिहायला जागा ठेवलेली नाही.

आणि जमना बोलायला लागली. माझ्याशी नाही, खोक्याशी. खोक्यातली बाई आणि शाळेतली बाई या तिच्या हिशेबी दोन बाया आहेत, आणि शाळेतल्या बाईला त्यातली काही माहिती नसते. सुटीत मी ओट्यावर बसलेली असले की ती माझ्याजवळ येऊन आज टीव्हीतल्या बाईनं काय शिकवलं ते मला सांगायची. भागाकार मला तिनं दोनदा समजावला. मी 'हो का गं, असं असतं का' म्हणायचे. एकदा तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि म्हणाली, "तुमी बी येत जा ना, बाई." त्या संध्याकाळी मी नरडाण्याला यांना लांबलचक पत्र लिहिलं आणि त्यात बदलीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही, तेव्हा यांना वाटलं माझी तब्येत बिघडली.

आता साहेबांची भेट. त्या दिवशी मी खोक्यात भूगोल घेत होते. खोक्यातून समोरची चटई दिसते, दार दिसत नाही. मी विचारलं, आपल्या तालुक्यातून वाहत धुळ्याकडे जाते ती नदी कोणती? एरवी चार हात वर होतात, आज कुणी हलेना. (जीप लांब उभी करून साहेब दारात येऊन उभे होते, हे पोरांना दिसत होतं, मला नाही.) मग जाड, बसलेल्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "पांझरा." भुरानं आठवडाभर कच्ची बोरं खाल्ली होती आणि त्याचा घसा बसला होता. तर मी म्हटलं, शाब्बास भुरा, अगदी बरोबर. बस खाली, आणि बाहीला नाक पुसू नकोस.

नाना, साहेब खाली बसले. हे त्यांनी तुम्हाला सांगितलेलं नसणार, पण मला अख्खी शाळा साक्षीला आहे. शाळेत 'बस खाली' म्हटलं की पाय आपसूक दुमडतात, त्याला पद आड येत नाही. बसल्यावर त्यांना आपण कोण ते आठवलं, ते उठले, आणि अख्खी चटई खिदळायला लागली. काहीतरी भलतं झालंय हे जमनेनं सगळ्यांच्या आधी ओळखलं. ती पुढे आली आणि मला वाचवायला म्हणून तिनं चालू-बंदचं बूच फिरवून मला बंद केलं.

आता मी काय करायचं होतं ते तुम्हीच सांगा. साहेब समोर येऊन विचारतात, हा काय प्रकार आहे? मी डोळे मिटून गप्प. साहेब पुन्हा विचारतात, मी विचारतोय, हा काय प्रकार आहे? मी गप्प. मागे गुरुजी हात जोडून उभे, त्यांचं पुटपुटणं मला ऐकू येत होतं. मला बोलता आलं असतं. पण सगळी पोरं बघत होती, आणि बंद टीव्ही बोलत नसतो. मी त्या क्षणी बोलले असते तर इतके दिवस त्या खोक्यात बसून मी जे काही सांगितलं ते सगळं, भागाकारासकट, खोटं ठरलं असतं. साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा जमनेला त्यांची दया आली असावी. ती म्हणाली, "सायेब, बटन लावा ना." आणि साहेबांनी, रागानं का होईना, बूच फिरवलं. मी डोळे उघडले आणि म्हटलं, नमस्कार साहेब, हा चौथीचा भूगोल आहे.

त्यावर जी नोटीस आली तिचा तुम्हाला मथळा तेवढा कळलेला दिसतो. खोका ही शासकीय मालमत्ता विळीनं कापून विद्रूप केली. (संच मेला त्याबद्दल अवाक्षर नाही, कारण पावडरीच्या पत्रावर सही कुणाची आहे ते साहेबांना आठवतं.) वरिष्ठांस एकेरीत संबोधून खाली बसण्यास फर्मावले. वरिष्ठांनी वारंवार विचारणा केली असता उत्तर देण्यास नकार दिला. हे शेवटचं कलम साफ खोटं आहे, बटण लावल्याबरोबर मी उत्तर दिलं. आणि जाताना साहेबांनी पुरावा म्हणून काय जप्त केलं असेल? मेलेला संच नाही. खोका. जीपच्या टपावर सुतळीनं बांधून नेला. धुरळ्यातून तो जाताना त्याची खिडकी आमच्याकडे होती, आणि पोरं हात हलवत होती.

तुम्ही लिहिता की एका सहीनं काय बिघडतं. सांगते काय बिघडतं. सही केली की वर्ग भरलाच नव्हता असं ठरतं. मग संच केंद्रशाळेत जातो, आमचा वर्ग कागदावरून जातो, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी धनीबाई दोरी घेऊन येते. ती बोलल्याला पक्की आहे, तिला दोष देता येत नाही. नरडाण्याला बदली होऊन मी रोज संध्याकाळी नवऱ्याला गरम भाकरी वाढीन, आणि इथे जमना बकऱ्यांमागे गप्प फिरत असेल, आणि मधे माझी सही असेल की ती बोललीच नव्हती. नाना, तुम्ही मला लहानपणी केळीच्या बागेतून खांद्यावर बसवून फिरवलंत, तुमचा शब्द मी एरवी खाली पडू देत नाही. हा पडू देते. साहेबांनी मला नोटीस द्यावी, पगारवाढ थांबवावी, याहून डोंगरातल्या पाड्यावर पाठवावं. तिथेही बाजारात खोका मिळेलच.

बाकी इकडे सगळं क्षेम. वहिनींना नमस्कार, आईला सांगा पुष्पा जाड झाली आहे, तेवढं ऐकून ती सगळ्या काळज्या सोडेल. पत्र मोठं झालं, पण तुम्ही दुकानात दुपारी रिकामेच असता.

तुमची, या खेपेला न ऐकणारी,
पुष्पा

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. तुमच्या गोडाउनात फ्रिजचे रिकामे खोके पडलेले असतात, त्यातला सगळ्यात मोठा पिंपळनेरच्या एस.टी.च्या टपावर टाकून द्या, कंडक्टरला सांगा की शाळेचा टीव्ही आहे. जप्तीनंतर मी ओट्यावर बाहेर उभी राहून खिडकीतून शिकवते आहे. पोरांना ते चालतं, ती मोठा पडदा आला म्हणतात, पण उन्हानं माझं डोकं तापतं आणि मागून बकऱ्या पदर खातात. फ्रिजचाच पाठवा, टीव्हीचा नको. आत आता दोघी मावायला हव्यात. जमना पाठाच्या आधी बातम्या देते. दगडावर चढून माझ्या शेजारी उभी राहते आणि कुणाची शेळी व्याली, कुणाच्या खळ्यावर उंदीर फार झाले, कोण कामाला गुजरातेत गेलं, सगळं खणखणीत आवाजात सांगते. काल धनीबाई मुद्दाम ऐकायला आली होती. बातम्या संपल्यावर ती मला म्हणाली की आवाजाचं बटण जरा कमी करा.

पुन्हा ता. क. सही करणार नाही म्हटलं ते साहेबांच्या माफीनाम्यावर. मी माझा एक स्वतः लिहिला आहे, तो सोबतच्या पाकिटात आहे. साहेब सासुरवाडीला आले की त्यांच्या हातात द्या. पाकीट चिकटवलेलं आहे, तरी तुम्ही उघडाल, म्हणून मजकूर इथेच देते. 'संच बंद असतानाही उंबरीपाड्याचा वर्ग रोज भरला, याबद्दल मी क्षमा मागते. साहेबांना खाली बसण्यास सांगितले याबद्दलही मागते, मात्र त्यांचे उत्तर बरोबर होते. माफीनाम्याच्या शेवटी पुन्हा असे होणार नाही असे लिहिण्याची पद्धत आहे. ते मला लिहिता येत नाही, कारण उद्या साडेदहाला वर्ग आहे.'